फवारणीचा ड्रोन घेताय? आधी त्याचे कागद वाचा, मंग पैसे द्या

आमच्या आर्णी-दिग्रसच्या भागात आता दर आठवड्याला कोणी ना कोणी फोन करून विचारतं, "भाऊ, फवारणीचा ड्रोन घ्यावा म्हणतो, कोणता घेऊ?" मी म्हणतो कोणता ते नंतर पाहू, ज्याच्याकडून घेतोय त्याला पहिले विचार टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मान्य केल्याचं सरकारी प्रमाणपत्र, आहे का, आणि आहे म्हणला तं त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागव. अर्धे सौदे इथंच थांबतात.

माझ्या मावसभावानं हे विचारलं नव्हतं. त्यानं एका ओळखीच्या माणसाकडून जुळवलेला ड्रोन घेतला, कंपनीच्या ड्रोनपेक्षा बराच स्वस्त पडला, बिलावर नुसतं "सुटे भाग" लिहिलेलं. एक हंगाम चांगला चालला. पुढच्या वर्षी गावातल्या बचत गटानं फवारणीचं काम देऊ केलं आणि रजिस्ट्रेशन नंबर मागितला, हा पोर्टलवर भरायला बसला तं पहिल्याच पानावर टाइप सर्टिफिकेटचा नंबर विचारला. नंबर नाही म्हणून रजिस्ट्रेशन नाही, रजिस्ट्रेशन नाही म्हणून विमा नाही. तो ड्रोन आजही कोठ्यात बैलांच्या सामानाजवळ पडून आहे, आणि घरचं सोनं मोडून आणलेले पैसे होते ते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, नवीन माणसानं कोणत्या क्रमानं काय करायचं ते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ड्रोन म्हणजे फवारणी पंपाचा मोठा भाऊ नाही, कायद्याच्या नजरेत ते विमान आहे, फक्त माणूस आत बसत नाही. म्हणूनच त्याचे नियम कृषी विभाग नाही तं डीजीसीए पाहतं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, जे नागपूरहून उडणारं मुंबईचं विमान उडायच्या लायक आहे की नाही तेही पाहतं. आपल्याला लागू होतात ते ड्रोन नियम २०२१, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले, आणि त्यानंतर २०२२ आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या.

मोठ्या विमानाचं कसं असतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे ड्रोनचं लगेच समजेल. आधी त्या मॉडेलचं डिझाइन तपासून टाइप सर्टिफिकेट मिळतं. मंग त्या मॉडेलचं जे एकेक विमान बनतं त्याला वेगळं उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, आणि त्याचा दरवर्षी आढावा. लायसन्सवाला इंजिनिअर सही करेल तेव्हाच ते उडतं, नागपूरला मिहानमध्ये विमानं दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे तिथं हेच काम चालतं. ड्रोनला मात्र यातला पहिला टप्पाच आहे, मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट. तुमच्या हातातल्या त्या एका ड्रोनला दरवर्षी येऊन तपासणारा कोणी इंजिनिअर नाही. म्हणजे घेताना तो सर्टिफिकेटवाल्या मॉडेलसारखाच आहे का हे पाहणं, आणि घेतल्यावर तो तसाच ठेवणं, ही दोन्ही कामं आपल्याच अंगावर आहेत. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

आता पहिलं काम, वजन. ड्रोनचे वर्ग वजनावर पडतात आणि वजन म्हणजे बॅटरी, टाकी, टाकीतलं औषध धरून उडताना जेवढं होतं तेवढं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम, त्यावर लार्ज. आपल्याकडं जे १० लिटर टाकीचे ड्रोन फिरतात ते बहुतेक २५ किलोच्या आतच बसवलेले असतात, एवढंसं खाली, म्हणजे स्मॉल. १६ लिटरचा घेतला तं भरल्यावर तो साधारण २५ च्या वर जातो, मीडियम होतो. याचा फरक नुसता कागदावरचा नाही, कारण पायलटचं सर्टिफिकेटसुद्धा वर्गाप्रमाणे असतं, स्मॉलचं शिकलेला मुलगा मीडियम उडवू शकत नाही. म्हणून गावात दोन पोरं आधीच स्मॉलचं सर्टिफिकेट घेऊन बसले असतील तं मोठ्या टाकीच्या मोहात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं काम टाइप सर्टिफिकेट, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. कंपनी आपलं मॉडेल मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडं तपासायला देते, तिथं सांगाडा किती भक्कम, मोटर-बॅटरी वजन पेलते का, रिमोटचा सिग्नल तुटला तं ड्रोन आपोआप परत येतो का, असं सगळं पाहतात आणि मंग डीजीसीए सर्टिफिकेट देतं. देशातलं पहिलं असं सर्टिफिकेट जून २०२२ मध्ये मिळालं आणि तेही फवारणीच्याच ड्रोनला, गुरुग्रामच्या आयोटेकवर्ल्डच्या अॅग्रीबॉटला. त्यानंतर बरीच मॉडेलं आली, यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे.

विक्रेता म्हणतो "आमची कंपनी डीजीसीए अप्रूव्हड आहे." इथं नवीन माणूस फसतो. सर्टिफिकेट कंपनीला नसतं, मॉडेलला असतं. एकाच कंपनीच्या एका मॉडेलला असेल आणि दुसऱ्याला नसेल, आणि तुम्हाला दाखवतील पहिल्याचं आणि गाडीत टाकतील दुसरा. त्यामुळे कागदावरचं मॉडेलचं पूर्ण नाव, पुढचे-मागचे अक्षर-आकडे सगळे, ड्रोनच्या प्लेटवरच्या नावाशी एकेक अक्षर जुळवा. मंग कागदावर जास्तीत जास्त वजन किती लिहिलंय ते पाहा, आणि टाकी, बॅटरी, मोटर त्याच आहेत का ते विचारा. हे दुकानात उभं राहून करा, घरी आणल्यावर नाही.

"नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, हौशीच्या मॉडेल ड्रोनला पण लागत नाही" असंही कोणी सांगेल. अर्धं खरं आहे. नॅनोला लागत नाही, आणि शिक्षण, संशोधन, हौस यासाठीच्या मॉडेल ड्रोनला लागत नाही. पण भाड्यानं पऱ्हाटी फवारणारा २४ किलोचा ड्रोन हौशीचा कसा होईल? तसंच बाहेर देशातून तयार ड्रोन मागवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आणि त्याच्या सुट्या पूर्ण किटची आयात बंद आहे. नुसते पार्ट येऊ शकतात, आणि माझ्या मावसभावाचा ड्रोन असाच पार्टातून जुळवलेला होता.

पैसे द्यायच्या आधीच अनुदानाचं पाहून घ्या, कारण हा क्रम उलटा झाला की रक्कम गेली. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात २०२२ मध्ये जे दर ठरले त्यात अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकऱ्यांना ५० टक्के, ५ लाखापर्यंत, इतरांना ४० टक्के, ४ लाखापर्यंत. अवजार बँक काढणाऱ्या कृषी पदवीधराला पण ५० टक्के. अर्ज महाडीबीटीवर, आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडायचं नाही, आधी घेतलेल्याला अनुदान मिळत नाही. बचत गटाच्या बायांसाठी नमो ड्रोन दीदी योजना आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली, १५,००० गटांसाठी, त्यात ८० टक्के, ८ लाखापर्यंत, आणि सोबत १५ दिवसांचं ट्रेनिंग. योजनांचं या वर्षीचं काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन समक्ष विचारा, मोबाइलवर फिरणारे मेसेज बरेचदा मागच्या वर्षीचे असतात.

ड्रोन आला की रजिस्ट्रेशन. त्याला यूआयएन म्हणतात, गाडीच्या नंबरसारखाच पण एक फरक आहे. डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म डी-२ भरायचा, फी १०० रुपये. सरकारी फी फक्त १०० रुपये आहे, कोणी सेवा केंद्रवाला हजारो सांगत असेल तं त्याला पावती मागा. फरक असा की हा नंबर ड्रोनच्या सीरियल नंबरशी तं जोडतातच, शिवाय आतल्या फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे उडणं सांभाळणाऱ्या कार्डाच्या, आणि जमिनीवरच्या रिमोटच्या सीरियल नंबरशीपण जोडतात. तिन्ही नंबर डब्यावर वेगळे आणि मशीनवर वेगळे असं होऊ शकतं, म्हणून मशीन उघडून मशीनवरचे लिहा, फोटो काढून ठेवा. पुढं कधी कंट्रोलर जळला किंवा रिमोट पाण्यात पडला आणि बदलला, तं ७ दिवसात नवा नंबर पोर्टलवर जोडायचा असतो. मेकॅनिक हे सांगत नाही, त्याचं काम बसवून देण्याचं, पण नंतर अपघात झाला तं विमेवाला पहिले हेच नंबर जुळवणार.

विमा थर्ड पार्टीचा लागतो. थोडक्यात आटपायचं काम आहे, पण ते उडवायच्या आधी आटपा.

आता माणूस. स्मॉल आणि त्यावरचा ड्रोन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, स्वतःच्या वावरात उडवला तरी लागतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून दोनदा वाचा. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग आणि परीक्षा. आधी पासपोर्ट मागायचे त्यानं गावातले पोरं अडायचे, सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनं तो प्रश्न मिटला, आता मतदार कार्ड, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स असं सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा आणि कोणत्या वर्गाचं ट्रेनिंग देणार ते लिहून घ्या. दोन दिवसात घरबसल्या सर्टिफिकेट देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

ट्रेनिंगमध्ये उडवायला शिकवतात, पण वावर वेगळं असतं. तिथं मोकळं मैदान, इथं मधात बाभूळ, धुऱ्यावर तारकंपाऊंड, विहिरीवरची डीपी आणि तिच्यापासून गेलेली लोंबती तार. नवीन पायलटनं पहिले आठ-दहा दिवस टाकीत साधं पाणी घेऊन आपल्याच वावरात हात बसवावा, मंग औषध.

कुठं उडवायचं हे नकाशात पाहायचं. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटापर्यंत परवानगी लागत नाही, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटापर्यंत लागत नाही. फवारणी तं पिकाच्या दोन-तीन मीटर वरूनच होते, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचं वावर हिरव्यातच निघतं. पण गृहीत धरू नका. नागपूर, अकोल्याचं शिवणी, गोंदियाचं बिरसी, अमरावतीचं बेलोरा, या विमानतळांच्या आजूबाजूच्या गावांनी गटनंबर टाकल्यासारखं एकेक वावर नकाशावर पाहावं. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं, बिरसीला पायलट शिकतात तिथली विमानं दिवसभर फेऱ्या मारतात. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा-भद्रावतीच्या आयुध निर्माणी, ताडोबा-मेळघाटाची शीव, अशा ठिकाणीही आधी नकाशा, मंग ड्रोन. आणि माणूस बसलेलं विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की आपण खाली उतरायचं, हक्क त्याचा.

नकाशा त्याच दिवशी सकाळी परत पाहा. मंत्र्याची सभा, मोठी यात्रा, काही बंदोबस्त असला की तात्पुरता लाल भाग जाहीर करता येतो, ९६ तासांपर्यंत. काल हिरवं होतं म्हणून आज असेलच असं नाही.

औषधाचं मी घाईनं लिहिणार नाही, कारण आम्ही यवतमाळवाले आहोत. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, कोणाच्या घरचा कर्ता, कोणाचा सालदार. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पाठीवर पंप घेऊन माणूस पिकाच्या आत शिरायचा आणि फवारा त्याच्याच अंगावर यायचा. ड्रोन आला तेव्हा मला पहिलं हेच वाटलं, की आता माणूस धुऱ्यावर उभा राहील. हे खरंच आहे. पण एक धोका कमी होऊन दुसरा वाढला तो कोणी सांगत नाही. पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागायचं, ड्रोनला १० लिटर लागतं, आणि औषध एकरी तेवढंच. म्हणजे टाकीत जे पाणी आहे ते पंपातल्यापेक्षा पंधरा-वीस पट कडक आहे. जो पोरगा बकेटीत कालवतो आणि टाकीत ओततो त्याच्या हातावर उडालेला एक शिंतोडा आता आधीसारखा नाही. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्या, पायलटपेक्षा या पोराला जास्त. मी तं कालवणाऱ्याला हातमोजे नसले तर ड्रोन सुरूच करत नाही.

प्रत्येक औषध ड्रोननं मारायची परवानगी नसते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय कीटकनाशक मंडळानं ४७७ औषधांना तात्पुरती, २ वर्षांसाठी परवानगी दिली होती, त्या यादीच्या झेरॉक्स अजून कृषी केंद्रात चिकटवलेल्या दिसतात. ती जुनी यादी आहे, तिच्यावर विसंबू नका. आज त्या डब्याच्या लेबलवर आणि सोबतच्या पत्रकात ड्रोनचा डोस दिलाय का ते वाचा, नसेल तं कृषी सहायकाला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांना विचारा. तणनाशकाबद्दल माझा अनुभव वाईट आहे, वारा थोडा फिरला आणि आमच्या हातून शेजारच्या तुरीच्या दोन ओळींचे शेंडे वळले, नुकसान भरून दिलं. तेव्हापासून वाऱ्याची झुळूक अंगाला जाणवायला लागली की तणनाशक बंद.

फवारणीच्या २४ तास आधी गावात सांगा, ग्रामपंचायतीत आणि आजूबाजूच्या कास्तकारांना, गुरं कुठं चरतात, निंदणाऱ्या बाया कोणत्या वावरात आहेत, कोणाच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत का, विहीर-नाला किती लांब. एकदा नुसतं ग्रुपवर टाकलं होतं तं एक म्हातारी शेळ्या घेऊन मधातच आली, तिच्याकडं मोबाइल नव्हता. आता मी पोराला धुऱ्या-धुऱ्यानं फिरवतो.

उडवायच्या आधी दहा मिनिटं मशीनवर घालवा. पंख्याच्या पात्यांना बोटानं चाचपून चीर आहे का पाहा, नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. ड्रोनच्या हातांचे, म्हणजे मोटर बसवलेल्या दांड्यांचे, लॉक बसलेत का. बॅटरी फुगली असेल तं ती वापरायची नाही, मग नवी कितीही महाग असो. जीपीएस पुरतं आलं का, होम पॉइंट, म्हणजे ड्रोन परत येऊन उतरतो ती जागा, आत्ता उभा आहे तिथलाच पडलाय का, आणि सिग्नल तुटल्यावर परत यायची उंची त्या वावरातल्या सगळ्यात उंच झाडा-तारेच्या वर ठेवलीय का. ही शेवटची गोष्ट वावर बदललं की बदलते आणि नव्वद टक्के पोरं ती बदलत नाहीत, असं माझ्या पाहण्यात आहे. उन्हात उतरवलेली बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवू द्या.

मशीनमध्ये स्वतःच्या मनानं बदल करू नका. पलीकडच्या गावात एकानं १० लिटरची टाकी काढून मोठी बसवली, दोन खेपा वाचतात म्हणून. तिसऱ्या दिवशी एक मोटर तापून बंद पडली आणि भरलेला ड्रोन वीसेक फुटावरून तुरीत पडला. बाया दुसऱ्या टोकाला होत्या म्हणून निभावलं. टाकी बदलली त्याच क्षणी तो सर्टिफिकेटवाला ड्रोन राहिला नव्हता, कारण तपासणी झाली होती ती छोट्या टाकीच्या वजनावर. पार्ट बदलायचाच तं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच, आणि एका वहीत तारीख, कोणता पार्ट, कोणी बसवला, किती उड्डाणं झाली हे लिहा. शंभर पानी वही पुरते.

अपघात झालाच तं ४८ तासांच्या आत डीजीसीएला पोर्टलवर कळवायचं असतं. लपवायची सवय लागली की फार महागात जातं, नियम मोडल्याचा दंड १ लाखापर्यंत आहे आणि कोणाला लागलं असेल तं पोलिसांचं वेगळं. पडलेला ड्रोन उचलायच्या आधी फोटो काढा, बॅटरी काढून लांब ठेवा, औषध सांडलं असेल तिथं माती टाका आणि कोणाला जाऊ देऊ नका.

आणि कधी विकायची वेळ आली, तं नुसती बिलाची झेरॉक्स देऊन सौदा करू नका. फॉर्म डी-३ भरून, १०० रुपये भरून, यूआयएन घेणाऱ्याच्या नावावर करा, आणि ते पोर्टलवर दिसेपर्यंत ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या सगळं आपल्या घरातच ठेवा. तोवर तो कुठंही उडला तरी नंबर तुमचाच आहे.